उभी रेघ आधी

आमच्या घरात समुद्र आला तो भर उन्हाळ्यात, आणि तोही नळाला पाणी नसलेल्या दिवशी. सोलापुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो. येतो तेव्हा हातातलं काम टाकून पिंप, टाकी, कळश्या, अगदी चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायचं असतं. अशा घरात माझी सून पुढच्या खोलीतल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली आणि म्हणाली, "आत्या, या की हितं. समुद्र दाखवते."

मी पदराला हात पुसत गेले. बघते तर पडदाभर निळा रंग. उजव्या कडेला जमिनीची पिवळट पट्टी, ती कोकणची. त्या पट्टीवर दोन लाल खुणा, एक वर, एक खाली. बाकी सगळं पाणी. घरात दोन कळश्या उरलेल्या आणि समोर एवढं पाणी, मला हसूच आलं.

सून मूळची मंद्रूपची. भूगोलात एम.एस्सी. झालेली. लग्नाआधी पुण्यात नकाशाचं काम करायची. मग लग्न, मग दोन पोरं, आणि बघता बघता आठ वर्षं गेली. आठ वर्षांत तिनं नकाशा हातात घेतला तो फक्त पोरांचा अभ्यास घेताना. मग यंदा संक्रांतीच्या सुमारास किनाऱ्यावरच्या एका संस्थेत कुणा मैत्रिणीच्या ओळखीनं हे काम मिळालं. घरी बसून करायचं, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. त्या बोलीचं तिनं मला सांगितलं ते उन्हाळ्यात, आम्ही दोघी गच्चीत कुरडया घालत होतो तेव्हा. साच्याचा दांडा फिरवता फिरवता, माझ्याकडं न बघता.

"सहा महिने, आत्या. जमलं तर घरातनं कायमचं काम. न्हाई जमलं, तर आता ह्या वयात मला परत कुणी विचारणार न्हाई."

छत्तिसाव्या वर्षी म्हणे ह्या वयात! पण तिचा हात साच्यावर किती घट्ट होता ते बघितलं.

तर त्या समुद्राचं सांगत होते. रडार म्हणजे विमानं धरायचं यंत्र, एवढंच मला ठाऊक. सुनेनं समजावलं. किनाऱ्यावर उंच काठ्या उभ्या करतात, त्यातनं रेडिओच्या लहरी पाण्यावरनं लांब जातात, लाटांवर आपटून परत येतात. परत आलेल्या लहरीवरनं कळतं की तिथलं पाणी काठीकडं येतंय का काठीपासून लांब चाललंय. एका रडारला तेवढंच कळतं.

मी म्हटलं, "म्हंजे दारात बसलेली म्हातारी. कोण येतंय नि कोण जातंय एवढं दिसतं. पुढं कुठल्या गल्लीत वळलं ते न्हाय कळत."

सुनेनं टाळीच दिली. "अगदी बरोबर! म्हणून दुसऱ्या टोकाला दुसरी म्हातारी बसवायची. दोघींचं ऐकलं की माणूस कुटं गेला ते कळतं."

"पण दोघींचं जमलं पाहिजे की."

"तिथंच तर सगळं घोडं अडलंय, आत्या."

अडलं होतं ते असं. दोघी म्हाताऱ्या आपापल्या उंबऱ्यापासून मोजणार. एक म्हणणार माझ्या दारापासून चाळीस पावलं, दुसरी म्हणणार माझ्या दारापासून साठ. जागा तीच, पण ऐकणाऱ्याला कसं कळावं? म्हणून दोघींच्या बोलण्याला एकच पत्ता लावायचा, सगळ्या जगानं मान्य केलेला. तो म्हणजे अक्षांश आणि रेखांश. आडव्या रेघा आणि उभ्या रेघा. समुद्रावर घर नाही, झाड नाही, खांब नाही. तिथं पत्ता म्हणजे दोन आकडे, बास.

नकाशावरच्या त्या दोन लाल खुणा म्हणजे ह्या रडारांची स्टेशनं. वरच्या स्टेशनची सगळी माहिती तशा पत्त्यावर आधीच होती. खालच्या स्टेशनची जुनी माहिती तशी नव्हती. तिथं पाण्यावरच्या प्रत्येक जागेला नुसता नंबर दिलेला. अमक्या तारखेला, अमक्या वेळी, एकशे चार नंबरच्या ठिपक्यावर पाणी एवढ्या वेगानं येत होतं. पण एकशे चार नंबर कुठं? तर ते एका मोठ्या कागदावर होतं. त्या कागदाचे तुकड्या-तुकड्यांनी काढलेले फोटो सुनेकडं आले होते. फोटोवरनं कॉम्प्युटरला वाचायला लावलं तर तो तिनाचा आठ करी आणि एकाचा सात.

तिनं फोटो मोठा करून दाखवला आणि मी खुर्ची ओढून बसलेच. उभ्या रेघा, आडव्या रेघा, बारीक चौकटी. चौकटींत ठिपके. वरच्या कडेला उभ्या रेघांचे आकडे, डाव्या कडेला आडव्या रेघांचे.

"अगं, हा तर ग्राफ हाय की!"

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं सगळं ह्या चौकटींनी शिकवलं. आमचे हे चादरीच्या कारखान्यात डिझाईन काढायचे. चादरीवरचा मोर, वेल, हत्ती, जे काय असेल ते आधी ग्राफच्या कागदावर चौकटी भरून काढायचं. त्यावरनं पुठ्ठ्याला भोकं पाडायची, ते पुठ्ठे मागावर चढवायचे, की मग चादरीत मोर उतरतो. ह्यांची नजर कमी झाली तसं चौकटी मोजायचं काम माझ्याकडं आलं. हे रेघ काढायचे, मी मोजून आकडे लिहायची. शेजारच्या तेलुगू घरातल्या बायका हसायच्या, "मास्तर कोण, तुमी का ते?" म्हणून. मी म्हणायची, "रंगवायला ते, मोजायला मी." तीस वर्षं तरी हे चाललं. मग कारखान्यात कॉम्प्युटर आला, ग्राफचे कागद माळ्यावर गेले, आणि पुढं हेही गेले.

"मला दे की हे," मी म्हटलं. "दुपारचं मला कुटं काम असतंय?"

सून जरा घुटमळली. मुलगा तिथंच जेवत होता, तो म्हणाला, "आईला पण नोकरी लागली म्हणायची. पेन्शन हाय का ओ ह्या कामाला?"

"तुझा दुपारचा चहा तू करायचा, हीच माझी पेन्शन," मी म्हटलं. मग त्याचं तोंड बंद.

पहिल्या दिवशी सून माझ्याशेजारी बसली. कॉम्प्युटरमध्येसुद्धा चौकटीच असतात हे मला त्या दिवशी कळलं. आकडे टाकायला मी मोबाइलवर शिकलेच होते. "आधी नंबर," ती म्हणाली, "मग अक्षांश, म्हणजे ह्या आडव्या रेघेचा आकडा, सोळा पूर्णांक काय असेल ते. मग रेखांश, उभ्या रेघेचा, त्र्याहत्तर काय असेल ते." किनाऱ्यालगतची पहिली रांग आम्ही दोघींनी मिळून लिहिली. तिनं ती नकाशावर टाकून बघितली. ठिपके किनाऱ्याला धरून मण्यांसारखे ओळीनं बसले. "झकास, आत्या!" म्हणाली, आणि दुसऱ्या कामाला लागली.

पुढचे चार दिवस दुपारी मी आणि तो कागद. पोरं सुट्टीला मंद्रूपला आजोळी गेलेली, त्यामुळं घर शांत. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, ऊन नुसतं पांढरं. आत कूलर घुरघुरतोय, वाळ्याचा वास सुटलाय. एका ठिपक्यावर बोट ठेवायचं, रेघ धरून वर जायचं, आकडा बघायचा. परत ठिपक्यावर यायचं, डावीकडं जायचं, आकडा बघायचा. लिहायचा. पुढचा ठिपका. किती दिवसांनी माझं बोट अशा रेघेवरनं चाललं होतं! आणि प्रत्येक ठिपक्याशी मनात यायचं, आत्ता ह्या जागी काय असेल? कुणीच नसेल. नुसतं पाणी वर-खाली होत असेल. एखादा पक्षी उडत जाताना खाली बघत असेल. आपण हितं सोलापुरात कूलरसमोर बसून त्या पाण्याचा पत्ता लिहितोय, हे त्या पाण्याला काय माहीत.

मी समुद्र एकदाच पाहिला. गल्लीतल्या बायकांच्या सहलीत. घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिले होते. लाट परत जाताना पायाखालची वाळू घेऊन जाते, ते मला ठाऊकच नव्हतं. मला वाटलं मीच चाललेय मागं. घट्ट डोळे मिटून शेजारणीचा हात धरला. ते अंग हलल्यासारखं वाटणं मला त्या चार दुपारी परत आठवत होतं. मधनं मधनं डुलकी लागायची, आणि डुलकीत आमच्या अंगणात पाणी यायचं. खळखळ करत नाही, अगदी हळू. फरशीच्या एकेका चौकटीतनं भरत यायचं. एक चौकट, मग शेजारची, मग तिच्या शेजारची. मी मोजत राहायची.

यादी संपली तेव्हा मी ती तीनदा तपासली. ग्राफचं काम करणारी माणसं अशीच तपासतात: एकदा सुरुवातीपासून, एकदा शेवटाकडनं उलटी, आणि एकदा दर दहावा. एकही आकडा चुकला नव्हता. सुनेला म्हटलं, "घे. ह्यात चूक काढलीस तर नाव बदलीन."

तिनं यादी कामाला लावली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं जेवण कमी झालं.

मी पहिल्यांदा विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं. तिनं लॅपटॉप माझ्याकडं वळवला. वरच्या स्टेशनची माहिती चांगली लांबवर पसरलेली, अर्ध्या भाकरीसारखी. आणि खालच्या स्टेशनची? किनाऱ्यालगत एक बारीक रांग, बास. त्याच्या पलीकडं कोरं पाणी.

"पल्लाच कमी पडलाय ह्या रडारचा," सून म्हणाली. "खाऱ्या हवेनं केबल खराब झाली असंल, न्हाईतर अँटेना. दोन वर्षांचं सगळं असंच हाय. आणि दुसरं रडार न्हाई तर दिशाच निघत न्हाई, आत्या. अर्धं कामच बाद."

"मग काय करायचं?"

"काय करणार? शुक्रवारी चारला सरांचा फोन हाय. त्यांना सांगायचं, ह्या स्टेशनचं काही होत न्हाई."

तिचे साहेब आधी एकदा फोनवर बोलले होते ते मी ऐकलं होतं. आवाज शांत, कोकणातल्या माणसाचा. म्हणत होते, "अहो, पण तिथले आपले गृहस्थ रोज सकाळी जाऊन अँटेना पुसतात. केबल स्वतः तपासतात. असं कसं होईल?" आणि सून म्हणत होती, "डेटा तर हेच सांगतोय, सर." फोन ठेवल्यावर तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिने मोजले. सहा महिन्यांतले साडेचार गेले होते.

मी म्हटलं, "मी परत एकदा यादी बघू का?"

"सुम्मनिरी, आत्या," ती म्हणाली. चिडली की ती कानडीत येते. गप बसा, म्हणाली. मग लगेच, "तुमची यादी चांगलीच हाय ओ. पहिली रांग बघा की, कशी नेमकी बसलीय. चूक तिथं न्हाईच."

शुक्रवार उजाडला आणि नळ आला. ह्या नळाला माणसाच्या कामाचं काही म्हणजे काही नसतं. ह्या स्टेशनचं काही होत नाही, असं सुनेनं पत्र लिहून तयार ठेवलं होतं, चार वाजता बोलून झालं की पाठवायचं. ती पाइप घेऊन अंगणात गेली, मी स्वयंपाकघरातली भांडी भरून झाल्यावर पुढच्या खोलीत आले. नकाशा उघडाच होता. मला वाटलं, आज दुपारनंतर हा समुद्र आपल्या घरातनं जायचा, जरा बघून घ्यावा. खुर्चीवर बसले. मोबाइलवर फोटो लहान करतात तशी दोन बोटं लॅपटॉपच्या बटणांखालच्या गुळगुळीत पट्टीवर ओढली. समुद्र लहान झाला. परत ओढली. हिंदुस्थान आला. परत ओढली, सगळी पृथ्वीच आली.

मी बघत बसले. किती निळं असतं ओ! आपण एवढ्याशा पिवळ्या तुकड्यावर बसून नळाची वाट बघतो, आणि सगळीकडं पाणीच पाणी.

आणि वरच्या बाजूला, अगदी उत्तरेला, एक डाग दिसला. हिरवट. मी म्हटलं, माझंच बोट, सकाळी कोथिंबीर निवडली होती. पदरानं पुसला. गेला नाही. थुंकी लावून पुसला, तरी गेला नाही. मग उलटी बोटं ओढली आणि तिथं जवळ गेले.

ठिपके होते. शेकड्यांनी. थंड देशाच्या डोक्यावर, मोकळ्या समुद्रात, वाटी मांडून ठेवावी तसे. सरळ कड वर, पोट खाली. पोटात एका बाजूला एक बारीक भोक.

ते भोक माझ्या ओळखीचं होतं. कागदावर तिथं खडकाचं बेट होतं, म्हणून त्या जागी ठिपका नव्हता. ते मी चार दुपारी बघितलं होतं. पण कागदावर ती वाटी आडवी होती, तोंड किनाऱ्याकडं, पोट समुद्राकडं. हितं ती उठून सरळ बसली होती.

नवीन नवीन मोजायला लागले तेव्हा मी एक ग्राफ असाच फिरवला होता. उभं ते आडवं, आडवं ते उभं. नमुन्याची चादर विणून आली तर मोर पाठीवर झोपलेला. ह्यांनी ती चादर घरी आणली. तो झोपलेला मोर आम्ही कितीतरी थंड्या अंगावर घेतला. तेव्हापासून माझ्या हाताला एक गोष्ट कायमची बसली: आधी उभी रेघ. मागावर उभे धागे आधी ताणतात, ताणा आधी, बाणा मागनं. म्हणून मोजतानाही उभं आधी आणि आडवं नंतर. सुनेनं आडवं आधी सांगितलं होतं. ती शेजारी होती तोवर मी तसं लिहिलं. ती उठून गेली आणि माझा हात आपल्या जुन्या वाटेनं चालू लागला. सोळा-त्र्याहत्तरचं त्र्याहत्तर-सोळा. आणि तपासलं कसं? तीनही वेळा उभी आधी धरून. मग चूक सापडणार कशी?

मी वाटीची वरची कड परत बघितली. एक रांग कमी होती. सुनेच्या शेजारी बसून लिहिलेली.

खरं सांगते, क्षणभर मनात आलं, गप बसावं. पुढं कधी बोलायचं ते बोलू. परत कधी ती मला कागदाला हात लावू देणार नाही, मुलगा जन्मभर टोमणे मारणार. पण पडद्याच्या कोपऱ्यात ते तयार पत्र दिसत होतं, आणि अंगणात ती पिंपात पाइप धरून उभी होती, भिंतीकडं बघत.

"अगं ये! ये लवकर!"

"काय झालं? पडला का कुटं?"

"मी न्हाय पडले. तुझे ठिपके पडलेत. ये."

ती तशीच ओल्या पायांनी आली. मी बोट दाखवलं. ती वाकली. बघितलं. परत जवळ नेऊन बघितलं. मग माझी यादी उघडली, पहिली रांग, दुसरी रांग, आणि तिथं तिचं बोट थांबलं.

"अय्यो," एवढंच म्हणाली.

"माझ्या हातनं झालं," मी म्हटलं. "ग्राफला उभी आधी असती. तू सांगितलेलं मला समजलं होतं गं. हाताला न्हाय समजलं."

ती यादी खालपर्यंत सरकवत गेली. ते बघणं मला लई जड गेलं. मग म्हणाली, "चार दिवस मी त्या माणसाला नावं ठेवतीय, आत्या. बिचारा रोज काठ्या पुसतोय. आणि मी म्हणतीय केबल खराब." पहिल्या रांगेवर बोट ठेवून, "आणि मी तरी काय केलं? एक रांग बघितली आणि म्हटलं झकास."

"पण मग कॉम्प्युटर बोलला कसा न्हाय? एवढं लांब गेलं तरी?"

"तो एवढंच बघतो, ठिपका जमिनीवर पडला का पाण्यात. जमिनीवर पडला असता तर ओरडला असता." तिनं त्या वाटीकडं बघितलं आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "हे पाण्यातच पडलं की. नॉर्वेच्या पण वर. तितं आता ह्या दिवसांत सूर्य मावळत न्हाई, आत्या."

मी त्या जागेकडं बघत राहिले. आपलं कोकणचं पाणी चार दिवस तिथं जाऊन राहिलं होतं. न मावळणाऱ्या उन्हात. कुणी त्याला शोधायला गेलं नाही, आणि त्या समुद्राला कळलंही नाही की आपल्यात दुसरं पाणी येऊन निजलंय.

"पाणी वाया चाललंय की ओ!" बाहेरनं शेजारीण ओरडली. सोलापुरात ह्याच्यापेक्षा मोठ्यानं कुणाला ओरडावं लागत नाही. पिंप भरून अंगणभर पाणी झालं होतं. मी धावले, पाइप टाकीत सोडला, आणि ओल्या फरशीवर तशीच उभी राहिले. पाणी पायांवरनं फाटकाकडं चाललं होतं. आत सुनेची बोटं टकटक वाजत होती.

दोन आकड्यांची अदलाबदल करायला तिला चहा उकळेपर्यंतचा वेळसुद्धा लागला नाही. पण दोन वर्षांचं पाणी परत मांडायला कॉम्प्युटरला दुपार लागली. आम्ही दोघी जेवलो नाही. तीन वाजून गेले तेव्हा खालच्या स्टेशनची अर्धी भाकरी किनाऱ्यापासून लांबवर उमटली. मग वरची आणि खालची एकमेकींवर बसल्या. आणि दोन्ही जिथं एकत्र आल्या, तिथं बाण आले.

बारीक बारीक बाण, हजारो. सुनेनं एक बटण दाबलं आणि ते हलायला लागले. दिवसामागनं दिवस. सगळं पाणी किनाऱ्याला धरून खाली सरकत होतं. कुठं थबकत होतं. त्या खडकाच्या बेटाजवळ येऊन एक गिरकी घेत होतं आणि पुढं जात होतं. आवाज नाही काही नाही. मी किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. सून माझा खांदा हलवून म्हणाली, "आत्या, चार वाजले."

फोन आला. सुनेनं सगळं सांगितलं, काही न लपवता. "यादी तपासायचं काम माझं होतं, सर. मी पहिली रांग बघून पुढं गेले."

मला राहवेना. मी बाजूनं म्हटलं, "माझ्या हातनं झालंय ओ साहेब. तिच्याकडं लावू नका."

पलीकडनं, "हे कोण बोलतंय?"

"माझ्या सासूबाई, सर."

"त्यांनी आधी कधी समुद्राचं काम केलंय?"

"चादरीचं केलंय, सर," सून म्हणाली.

ते हसले का खोकले, कळलं नाही. म्हणाले, असं नुसतं बाणांवर मी विसंबत नाही. त्या दोन वर्षांत पाण्यावर एक बोया, म्हणजे तरंगता डबा, सोडलेला होता, तो वाहत कुठनं कुठं गेला त्याची नोंद आहे. तुमचे बाण त्याच वाटेनं जातात का बघू. आठ दिवस द्या. "आणि त्या अँटेनावाल्याला मी सांगतो. चार दिवस तोंड पाडून बसलाय."

"मीच बोलते त्यांच्याशी," सून म्हणाली. आणि बोलली. बाहेर जिन्यात जाऊन, मला ऐकू येऊ नये म्हणून.

ते आठ दिवस कसे गेले विचारू नका. मधे दोनदा नळ आला. पोरं मंद्रूपहून आली, घर परत गजबजलं. सून कामात असायची पण बोलायची कमी, आणि मी पुढच्या खोलीत जायचं टाळायची. ती मला रागावली नाही, त्यानंच जास्त टोचायचं. मुलाला सगळं कळल्यावर तो टोमणा मारेल म्हटलं, तर त्यानं माझा दुपारचा चहा करून आणून दिला, झालं.

नवव्या दिवशी मी गच्चीत वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होते. ती वर आली. उन्हात डोळे बारीक करून उभी राहिली.

"बोया जुळला," म्हणाली. "थोडा इकडं-तिकडं हाय, पण वाट तीच."

"मग?"

"मग कायम."

एवढं बोलून ती खाली बसली, तापलेल्या फरशीवर, आणि कुरडयांचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. मी डबा बाजूला ठेवला. मीपण एक तुकडा घेतला.

मग ती म्हणाली, "तिसऱ्या स्टेशनचे कागद आलेत. तसेच, ठिपक्यांचे."

"कुणाला देणार?"

"तुमाला न्हाई तर कुणाला? पण ह्या खेपेला पहिल्या रांगेवर सोडणार न्हाई. मधली बघणार, शेवटची बघणार."

"बघ की. रोज बघ. आणि वर लिहून दे, आधी काय नि मागनं काय ते."

"तुमाला ठाऊक हाय की आता."

"मला ठाऊक हाय. तरी लिही."

खाली आल्यावर तिनं मोठ्या अक्षरात मथळे लिहून दिले आणि पोरांना खायला द्यायला गेली. मी कूलर चालू केला, चष्मा पुसला आणि पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. बोट लगेच वर निघालं, उभ्या रेघेनं. अर्ध्या वाटेत त्याला थांबवलं, परत ठिपक्यावर आणलं, आणि डावीकडं नेलं.